सीलबंद खोक्याचा भाव

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने एका खोक्याचे छायाचित्र पाठवले आणि खाली एवढेच विचारले, "मामा, हा घेऊन ठेवू का?" खोके निंटेंडो या जपानी कंपनीच्या जुन्या व्हिडिओ गेमचे होते, त्याचे मूळ वेष्टन कधी फोडलेले नव्हते, आणि प्रतवारी करणाऱ्या कंपनीने ते कडक पारदर्शक पेटीत बंद करून वर गुणांचे लेबल लावले होते. अमेरिकेतला त्याचा मित्र दिवाळीला येताना ते घेऊन येणार होता आणि किंमत भाच्याच्या दीड महिन्याच्या पगाराएवढी होती. सोने वाढते, जमीन वाढते, तसे हेही वाढेल, कारण ही वस्तू आता कोणी बनवत नाही, असा त्याचा हिशेब होता.

त्याच्या मनात २०२१ चा जुलै महिना घर करून बसला आहे, हे मला लगेच कळले. त्या महिन्यात अमेरिकेतील हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात 'द लेजेंड ऑफ झेल्डा'ची एक सीलबंद प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली आणि दोनच दिवसांनी 'सुपर मारिओ ६४'च्या एका प्रतीने १५ लाख ६० हजार डॉलरचा आकडा गाठला. ऑगस्टमध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची प्रत २० लाख डॉलरला विकली गेली. ती प्रत रॅली नावाच्या कंपनीने आदल्या वर्षी १ लाख ४० हजार डॉलरला घेतली होती आणि शेअर विकावेत तसे तिचे बारीक बारीक हिस्से करून लोकांना विकले होते. म्हणजे त्या गेमचे जे मालक होते, त्यांतल्या बहुतेकांनी तो कधी हातात धरलेलाही नसणार.

यात 'सुपर मारिओ ६४'चे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. हा गेम १९९६ चा आहे आणि जगभरात त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. एवढ्या खपाच्या वस्तूला दुर्मीळ कसे म्हणावे? ते सगळे मोल '९.८ ए++' या लेबलाचे होते, ज्यात आकडा खोक्याच्या अवस्थेचा आणि अक्षर वेष्टनाच्या अवस्थेचा असतो. पण अशा लेबलांची संख्या गोठलेली नसते. भाव चढल्याची बातमी आली की माळ्यावरची, गोदामातली, जुन्या दुकानदारांकडे पडून राहिलेली खोकी प्रतवारीसाठी निघतात. नवे नग दाखल होतात आणि कालपर्यंत एकमेव असलेली प्रत आज चारांतली एक होते. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात काही ग्राहकांनी प्रतवारी करणाऱ्या कंपनीवर बाजार फुगवल्याचा आरोप करत दावा दाखल केला. त्या आरोपाचे खरेखोटे बाजूला ठेवले, तरी नंतरची दोन-तीन वर्षे बाजार त्या उंचीच्या आसपासही फिरकला नाही.

'आता कोणी बनवत नाही' हे वाक्य मी याआधीही ऐकले आहे. आमच्या काकांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुण्याच्या जीपीओतून जवळजवळ प्रत्येक नव्या तिकिटाचे प्रथम दिवस आवरण, म्हणजे तिकीट निघाले त्याच दिवशीचा शिक्का मारलेले पाकीट, घेतले आणि ती सगळी पाकिटे मुलीच्या लग्नाला उपयोगी पडतील अशा विश्वासाने लोखंडी पेटीत जपली. तशीच पाकिटे तशाच विश्वासाने देशभरातल्या हजारो काकांनी जपली होती. पेटी उघडली तेव्हा तिकीटविक्रेत्याने पाकिटे पत्त्यांच्या कॅटासारखी फर्रकन चाळली आणि गठ्ठ्याचा एकच भाव सांगितला. त्यात त्या दिवशीच्या दोन वेळच्या जेवणाचे पैसे निघाले असते. काकांनी पेटी बंद करून परत आणली. याउलट १८५४ चे चार आण्यांचे तिकीट, ज्यावर व्हिक्टोरिया राणीचे डोके छपाईच्या चुकीने उलटे पडले, ते दीडशेहून अधिक वर्षांनंतरही लाखांच्या घरात जाते. ते कोणी भविष्याचा विचार करून साठवलेले नव्हते. चूक झाली, मोजक्या प्रती निसटल्या, आणि त्या वाढण्याचा मार्गच उरला नाही.

व्हिडिओ गेममध्येही अशी उलट्या डोक्याची तिकिटे आहेत. १९९० मध्ये निंटेंडोने अमेरिकेत शहरोशहरी स्पर्धा भरवल्या, त्यासाठी खास तयार केलेल्या राखाडी कॅसेट ९० आणि मासिकाच्या सोडतीत वाटलेल्या सोनेरी कॅसेट २६. (अमेरिकेत त्यांना कार्ट्रिज म्हणतात, पण आपल्याकडे ती कॅसेटच होती आणि मी तोच शब्द वापरणार आहे.) 'स्टेडियम इव्हेंट्स'ची गोष्ट तर याहून मजेची आहे. हा गेम बंदाई कंपनीने १९८७ मध्ये पायांखाली अंथरून तिच्यावर धावत गेम खेळायच्या चटईसाठी अमेरिकेत आणला. लवकरच त्या चटईचे हक्क निंटेंडोने घेतले, दुकानांतला माल परत मागवला आणि तोच गेम 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट' या नावाने काढून चटईसोबत खपवला. धावणारे खेळाडू तेच, मैदान तेच. पण पहिल्या नावाची प्रत संग्राहकांना हजारो डॉलरला पडते आणि दुसऱ्या नावाची कोणत्याही जुन्या बाजारात खुर्द्यात मिळते. खेळाच्या गुणवत्तेचा या भावाशी संबंध नाही, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी सांगू शकणार नाही. माझ्या मते अशा वस्तू आपला भाव राखतील, कारण त्यांची संख्या इतिहासाने ठरवून टाकली आहे. दुकानादुकानांतून विकल्या गेलेल्या लोकप्रिय गेमची सीलबंद खोकी मात्र काकांच्या पाकिटांच्या वाटेने जातील असे मला वाटते.

आणखी एक अडचण खोक्याच्या आत आहे, आणि ती मी स्वतः पाहिली आहे. माझ्याकडे 'झेल्डा'ची एक सुटी, वापरलेली सोनेरी कॅसेट आहे. ती विकत घेतली तेव्हा खेळ व्यवस्थित सुरू होत असे, पण कुठपर्यंत पोहोचलो याची नोंद टीव्ही गेम बंद करताच पुसली जाई. ३.८ मिलिमीटरच्या खास पान्याने स्क्रू काढले, तर आत तळहाताएवढी हिरवी पाटी आणि तिच्यावर पत्र्याच्या दोन पट्ट्यांनी डागलेला रुपयाएवढा चपटा सेल दिसला. सीआर २०३२, म्हणजे घरातल्या वजनकाट्यात असतो तोच. मल्टीमीटर लावला, तर तीन व्होल्टच्या जागी जेमतेम एक व्होल्ट भरला. नवा सेल डागायला वीस मिनिटे लागली आणि कॅसेट पुन्हा आठवणीत ठेवू लागली. पण ८ लाख ७० हजार डॉलरच्या कॅसेटमधला सेल कोण बदलणार? १९८७ पासून तो वेष्टनाच्या आत हळूहळू उतरतो आहे आणि तो तपासायचा तर वेष्टन फाडावे लागेल, म्हणजेच ज्यासाठी पैसे मोजले तेच नष्ट करावे लागेल. तो गेम आजही चालतो की नाही हे मालकाला कधीच कळणार नाही, आणि खेळायची हौस असेल तर निंटेंडोच्या स्विच या गेमयंत्रावर वर्गणी भरून तो कोणालाही खेळता येतो.

शेवटी प्रश्न गिऱ्हाइकाचा उरतो. अमेरिकेत आज ही खोकी घेणारा माणूस साधारण चाळिशी-पन्नाशीचा आहे. लहानपणी नाताळच्या सकाळी न मिळालेला गेम तो आता घेतो आहे. आमच्या लहानपणी दुकानात मूळ निंटेंडो सहसा दिसत नसे. होते ते मीडिया, लिटल मास्टर असले टीव्ही गेम, आणि 'नव्याण्णव लाख गेम' असे छापलेल्या पिवळ्या कॅसेट, ज्यांत 'कॉन्ट्रा' आणि 'डक हंट' धरून दहा-बारा खेळच नाव बदलून फिरत असत. त्यांतली एक मी उघडून पाहिली आहे. आतली पाटी बिस्किटाच्या अर्ध्या तुकड्याएवढी, तिच्यावर चिप म्हणून डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा, आणि उरलेले सगळे खोके पोकळ. यांची प्रतवारी कोणी करत नाही आणि कोणी करेल असेही वाटत नाही. भाचा तर २००० सालानंतरचा, त्याने यातले काहीच खेळलेले नाही. वीस वर्षांनी ते खोके विकायला काढताना त्याला परदेशातला, आजच्यापेक्षा वीस वर्षांनी म्हातारा झालेला गिऱ्हाईक शोधावा लागेल.

हे सगळे मी त्याला फोनवर सांगितले, बहुधा गरजेपेक्षा जास्त लांबण लावून. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग तुझी ती सोनेरी कॅसेट कितीला जाईल?" सेल बदलला असल्यामुळे संग्राहक तिला नाक मुरडतील, असे मी म्हणालो. रविवारी तो घरी आला, दुपारी तीन ते रात्री नऊपर्यंत 'झेल्डा'मधल्या तिसऱ्या तळघरात अडकून बसला, आणि जाताना कॅसेटमध्ये आपले नाव नोंदवून गेला. माझ्या नावाखाली ते अजून आहे.