आमची वाटचाल : आण्णांच्या वहीतला शेवटचा रकाना

आमच्या दुकानात १९८१ पासून एकच काम चालतं, जळालेल्या मोटरी भरायच्या, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायची; यालाच वाइंडिंग म्हणतात. त्या वर्षी आण्णा सतरा वर्षांची नोकरी करून फौजेतून हवालदार म्हणून परत आले आणि दिवाळीच्या पाडव्याला कोरेगावात भाड्याच्या एका गाळ्यात त्यांनी दुकान उघडलं. लोक त्यांना 'मेजर' म्हणायचे. ते दरवेळी सांगायचे, "हवालदार म्हणा, मेजर मोठा असतो."

आमच्या सातारा जिल्ह्यात गावोगावी फौजेत गेलेली माणसं भेटतात. अपशिंगे मिलिटरी हे गाव इथलंच, पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्यामुळं आण्णा भरती झाले याचं कुणाला नवल वाटलं नाही. ते ईएमईत, म्हणजे फौजेची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात इलेक्ट्रिशियन होते. ट्रेनिंग सिकंदराबादला झालं. १९७१ च्या डिसेंबरात शकरगड सेक्टरमध्ये रणगाड्यांचे स्टार्टर आणि जनरेटर त्यांच्या हाताखालून गेले. लढाईबद्दल ते फार बोलत नसत. बोलले तर थंडीबद्दल, नाहीतर टॉर्चच्या काचेला काळा कागद लावून, सुईच्या भोकाएवढ्या उजेडात वायरी जोडल्याबद्दल. आणि एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगायचे. तिथं गाडी दुरुस्त केली एवढ्यानं काम संपायचं नाही, ती का बिघडली हे लॉगबुकात लिहावं लागायचं. कारण तीच गाडी दुसऱ्या दिवशी परत पुढं जायची.

ती सवय त्यांनी दुकानात आणली. लाल कापडी बांधणीची मोठी वही. प्रत्येक मोटरीला एक ओळ : गाव, एचपी, स्लॉट (तार बसवायच्या खाचा), टर्न (तारेचे वेढे), तारेचा गेज (जाडी), पिच (कॉइल किती खाचांवर पसरते ते), जोडणी. आणि सगळ्यात शेवटी एक रकाना, 'का जळाली'.

वाइंडिंगच्या धंद्यात हा डेटाच खरं भांडवल असतो. जळालेली कॉइल कापून काढताना टर्न मोजायचे, तार मायक्रोमीटरनं मापायची, लिहून ठेवायचं. एकदा चुकलं की मोटर गरम होते, नाहीतर पाणी उचलत नाही. म्हणून वाइंडर आपली वही कुणाला दाखवत नाहीत. आण्णांची वही टेबलावर उघडी पडलेली असायची. दुसऱ्या दुकानाचा माणूस आला की ते स्वतः पान काढून द्यायचे, वर चहा पाजायचे.

शेवटच्या रकान्यानं तर आमचा धंदा कमीच केला. आण्णा जळकी कॉइल बघूनच कारण सांगायचे. स्टार जोडणीच्या, म्हणजे तिन्ही फेजच्या कॉइलची एकेक टोकं एकत्र जोडलेल्या मोटरीत दोन फेजच्या कॉइल काळ्या ठिक्कर आणि तिसरी तांबूस तशीच असेल, तर समजायचं की विजेच्या तीन फेजपैकी एक फेज गेला होता. उरलेल्या दोघांवर जवळजवळ पावणेदोन पट करंट आला आणि मोटर गेली. फेज गेला की मोटर आपोआप बंद करायला रिले असतो. मग ते शेतकऱ्याला विचारायचे, "रिले काढून टाकलाय ना?" तो मान खाली घालायचा. रात्रीची वीज, अर्ध्या रात्री कोण उठून बटण दाबणार, म्हणून वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी असं सगळं डायरेक्ट केलेलं असायचं. आण्णा सायकलवर हत्यारं टाकून विहिरीवर जायचे, रिले बसवून यायचे आणि बिलात फक्त रिलेची किंमत लावायचे.

मी आयटीआय करून १९९८ ला दुकानात बसलो. त्या वयात मला हे सहन व्हायचं नाही. एकदा मी बोललो, "आण्णा, मोटरी जळल्याच नाहीत तर आपण खायचं काय?" ते स्लॉटमध्ये कागद सरकवत होते. हात न थांबवता म्हणाले, "त्याचं आलं वाळलं तर तो काय खाईल?"

आमच्याकडं आल्याच्या पिकाला पाणी चुकून चालत नाही. ऐन उन्हाळ्यात मोटर चार दिवस बंद राहिली की शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो. हे कळायला मला पुढची दहा वर्षं लागली.

जळक्या तांब्याचंही तसंच. काढलेलं तांबं दुकानदारानं ठेवून घ्यायचं ही सर्रास पद्धत. आण्णा ते गिऱ्हाईकासमोर काट्यावर टाकायचे आणि मोडीचा भाव बिलातून वजा करायचे. उधारी पीक निघेपर्यंत चालायची. घरी आई रात्री जेवणं झाली की स्लॉटचे कागद कापायला बसायची, कडा दुमडून एकसारखे गठ्ठे बांधायची. दुकानाच्या पाटीवर तिचं नाव नाही, ही माझ्या मनातली खंत आहे. रविवारी दुकान बंद असलं तरी शटर अर्धं वर असायचं. आसपासच्या गावांतल्या फौजींच्या विधवा पेन्शनची कागदं घेऊन यायच्या, आण्णा चष्मा लावून अर्ज भरून द्यायचे.

पोरं किती शिकून गेली याची मोजदाद नाही. फी नाही, उलट दुपारचा डबा आमच्याच घरचा. त्यातल्या एकानं आमच्याच रस्त्यावर दुकान टाकायचं ठरवलं, तेव्हा आण्णांनी आठवडाभर रोज संध्याकाळी बसून त्याला आमच्या वह्या उतरवून दिल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

आण्णा गेल्याला दीड वर्ष झालं. आता आम्ही पाच जण काम करतो, सबमर्सिबल जास्त येतात, वार्निश सुकवायला ओव्हन आहे. गेल्या उन्हाळ्यात एक जुनी पाच एचपीची मोटर आली. दुसऱ्या कुणीतरी कॉइल काढून टाकलेल्या, मोजलेलं काहीच नाही, कंपनी कधीच बंद पडलेली. आमच्या वह्यांत ती ओळ असायला हवी होती, पण एका पावसाळ्यात पत्रा गळून तीन वह्यांचा लगदा झाला होता, त्यातलीच ती. आमच्या वह्या उतरवून नेलेल्या त्या पोराला मी फोन केला. आता तोही चाळिशीचा आहे.

"थांबा दादा, बघतो." दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. "सापडली. २००६ ची आहे. लिहून घ्या. स्लॉट छत्तीस. टर्न बेचाळीस. गेज एकोणीस. पिच आठ, दहा, बारा. जोडणी डेल्टा." आण्णा सांगायचे त्याच क्रमानं, तितकंच थांबत थांबत. मग म्हणाला, "कारण पण लिहिलंय. फूटव्हॉल्व्ह गळका, पंप कोरडा चालून जाम. व्हॉल्व्ह बदलून दिला."

मोटर दुसऱ्या दिवशी भरून झाली. इन्सुलेशन तपासायचा मेगर लावला, इन्सुलेशन चांगलं होतं. शेतकरी टेम्पोत घालून न्यायला लागला तेव्हा मी पान्हे घेतले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो. विहिरीवर पोहोचलो, सक्शन पाइप वर ओढून घेतला, त्याच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह खोलला. रबर फाटलेलं होतं.