तुम्ही विचारलंत म्हणून: ती फाईल मी का देत नाही

शिक्षण परिषदेला गेलं की चहाच्या वेळी कुणीतरी गाठतंच. "बाई, तुमच्या शाळेतले सगळे शिक्षक टीव्ही, मोबाईल वापरायला लागले म्हणे. कृतिसंशोधनाने वळवलंत ना? फाईल द्या की." कृतिसंशोधन म्हणजे शाळेतली एखादी अडचण निवडायची, उपाय करून बघायचा आणि त्याचा परिणाम तपासायचा; त्या कामाची ही फाईल. मी देत नाही. मी लपवते असं काहींना वाटतं. आज एकदाच सविस्तर सांगते.

फाईलवर शीर्षक आहे, 'शिक्षकांमधील तंत्रज्ञानविषयक उदासीनता दूर करणे'. 'उदासीनता' हा शब्द मी पहिलं निरीक्षण करायच्या आधीच लिहिला होता. २०१७च्या शिक्षकदिनी दीक्षा हे सरकारचं शैक्षणिक ॲप आलं, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले, पाठोपाठ आमच्या वर्गांत टीव्ही लागले. तरी खडू-फळाच चालू. मला राग यायचा. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेकडच्या, कारखान्यांमागच्या वस्त्यांमधून येणारी आमची मुलं. त्यांच्या घरात पुस्तक नाही, निदान शाळेत तरी चित्र हलताना दिसू दे, असं मला मनापासून वाटत होतं. आजही वाटतं.

सहा शिक्षकांच्या तासांना चार आठवडे बसले. टीव्ही किती मिनिटं चालला ते लिहिलं. मग दोन कार्यशाळा घेतल्या, पुन्हा मोजलं. नियोजन, कृती, निरीक्षण, चिंतन, सगळे टप्पे पाळले. परिषदेत सादरीकरण केलं तेव्हा नावं गाळून अ, ब, क लिहिलं होतं. पण सहा जणांच्या शाळेत 'ड' कोण, हे काय लपून राहतं? आलेखात 'ड'चा स्तंभच नव्हता. आधी शून्य, नंतर शून्य. खाली कारण: उदासीनता.

चौथीच्या बाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. सव्वीस वर्षांची नोकरी. माना त्यांच्याकडे वळल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर नीट करावा तसा हात उगाच केसांवरून फिरवला. तो हात मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिमोट माझ्या टेबलावर आणून ठेवला. "चार आठवडे माझ्या वर्गात मागे बसलीस. तुला तिथून टीव्ही दिसत होता का गं?"

दिसत नव्हता. समोरच्या खिडकीचा उजेड थेट पडद्यावर यायचा. एक्स्टेन्शन बोर्ड कार्यालयातून आणायचा, कपाटाची किल्ली शिपाईदादांकडे. पस्तीस मिनिटांच्या तासातली आठ-दहा मिनिटं त्यातच जायची, तोवर बावन्न मुलं बाईंच्या हाताबाहेर. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, पण माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. "तू माझ्यावर संशोधन केलंस," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गात काय अडलंय, ते विचारलं नाहीस." त्यानंतर दोन महिने आम्ही कामापुरतंच बोललो.

मी खोटं लिहिलं नव्हतं. शून्य हे शून्यच होतं. कुणीच मोजायचं नाही का? माझी ही बाजू मी सोडलेली नाही. पण बी.एड.ला जे पाठ केलं होतं, ते मी उलटं वापरलं. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनने १९४६मध्ये 'कृतिसंशोधन' हा शब्द वापरला, पुढे शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरीने तो शाळांमध्ये नेला. शिक्षकाने स्वतःच्या कामाचा प्रश्न स्वतः घ्यावा, हा त्यातला गाभा. मी तो प्रश्न दुसऱ्याच्या वर्गावर लादला होता.

दिवाळीनंतर मीच त्यांच्याकडे गेले, माफी मागितली. प्रश्न तुम्ही सांगा, नोंदी मी ठेवते, म्हटलं. त्या म्हणाल्या, "नोंदीही मीच ठेवीन." त्यांचा प्रश्न टीव्हीचा नव्हताच. जोडाक्षर आलं की मुलं अडखळतात, आणि आपण अडखळलो हे त्यांना कळतच नाही. मग दर सोमवारी पाच-सहा मुलांचं एकेक मिनिट वाचन त्या स्वतःच्या मोबाईलवर रेकॉर्ड करू लागल्या आणि त्या त्या मुलाला ते ऐकवू लागल्या. एक मुलगा ऐकता ऐकता ओरडला, "बाई, मी 'परतेक' म्हटलं!" आणि त्याने स्वतःच 'प्रत्येक' म्हणून दाखवलं. शेजारच्या वर्गाच्या बाई बघायला आल्या, आठवड्याने त्यांनीही सुरू केलं. कार्यशाळा कुणी घेतली नाही.

तेव्हा "सगळे वापरतात" हे खरं नाही. सहापैकी चौघं काही ना काही वापरतात, तेही आपापल्या अडचणीपुरतं. चौथीचा टीव्ही आजही बहुतेक दिवस बंद असतो. खिडकीला पडदा लावायला दोन वर्षं गेली.

जुनी मी मधूनच वाद घालते: तो तक्ता मांडला नसतास, तर बाई बोलल्या असत्या का? शक्य आहे, नसत्या बोलल्या. म्हणून तो मांडणं बरोबर ठरतं का, हे मला ठरवता आलेलं नाही. तो केसांवरून फिरलेला हात आठवला की मी गप्प होते.

माझी फाईल मागू नका. बाईंची वही आहे, दोनशे पानी, सोमवार सोमवारच्या नोंदींची. त्या आता निवृत्त होऊन कळव्याला राहतात. हवी असेल तर त्यांना विचारून बघते.