पोलादाचा खटला वाचताना

मंगळवार

अमेरिकन शासन आणि राजकारण या विषयाची आपल्याकडच्या मुलांची उत्तरं तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: 'राष्ट्राध्यक्षांनी कायदा केला.' तिथे कायदा करते काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद. ही चूक पाठांतराने जात नाही. बहुमत ज्याचं सरकार त्याचं, व्हिप निघाला की मतं ठरली, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की वॉशिंग्टनमध्येही आपण लोकसभाच शोधतो.

तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही. स्वपक्षाच्या राष्ट्राध्यक्षाचं विधेयक पाडूनही सिनेटर, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाचा सदस्य, आपल्या जागी शाबूत राहतो. खर्चाचं विधेयक अडलं तरी सरकार पडत नाही, कचेऱ्या बंद पडतात. २०१८-१९च्या हिवाळ्यात अनेक खात्यांचं काम असं ३५ दिवस ठप्प होतं. आणि सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवायला जी ६० मतं लागतात, तो आकडा राज्यघटनेत शोधू नये. तो सिनेटच्या स्वतःच्या नियमांत आहे.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत हा फरक नेमका मांडला होता: अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाने अमेरिकन पद्धत पारखून बाजूला ठेवली. ते भाषण अभ्यासाच्या सुरुवातीलाच वाचावं.

त्यानंतर घ्यावा यंगस्टाउन या पोलाद कंपनीचा खटला. कोरियाचं युद्ध चालू, पोलाद कामगारांचा संप तोंडावर. ८ एप्रिल १९५२ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने सरकारी ताब्यात घेण्याचा आदेश काढला. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने तो ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केला. नऊच्या नऊ न्यायमूर्ती रूझवेल्ट किंवा ट्रुमन या एकाच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते, हे मुद्दाम लक्षात ठेवायचं.

वाचताना घात होतो तो इथे. न्या. ब्लॅक यांचं बहुमताचं निकालपत्र आटोपशीर आहे, म्हणून मुलं तेवढंच वाचून थांबतात. पण एकूण निकालपत्रं सात आहेत. आदेश रद्द करण्याच्या बाजूने मत देणाऱ्या बाकी पाचही जणांनी स्वतंत्र लिहिलं, आणि पुढच्या न्यायालयांनी सर्वांत जास्त आधार घेतला तो न्या. जॅक्सन यांचा. त्यांनी राष्ट्राध्यक्षाच्या कृतींचे तीन गट पाडले. काँग्रेसची संमती असेल तर अधिकार सर्वांत भक्कम. काँग्रेस गप्प असेल तर संधिप्रकाश, परिस्थितीनुसार ठरणार. काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध असेल तर अधिकार सर्वांत लंगडा.

ट्रुमन तिसऱ्या गटात का पडले? १९४७चा टाफ्ट-हार्टली हा कामगार संघटना आणि संपांविषयीचा कायदा करताना असे कारखाने ताब्यात घेण्याची तरतूद सुचवली गेली होती आणि काँग्रेसने ती नाकारली होती. हा एक तपशील सुटला की सगळं उत्तर ढासळतं. मग 'राष्ट्राध्यक्ष हरले' एवढंच हातात राहतं, का हरले ते सांगता येत नाही.

टिपण एका पानाचं पुरे: घटना काय घडली, कायद्याचा प्रश्न कोणता, निकाल, त्याची कारणं, सहमतीचे वेगळे सूर, भिन्नमत. प्रश्न एका वाक्यात आणि हो-नाही उत्तर देता येईल असा लिहावा, सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो. कारणांच्या रकान्यात प्रत्येक मुद्द्यापुढे न्यायमूर्तींचं नाव टाकावं, नाहीतर जॅक्सन यांचं म्हणणं ब्लॅक यांच्या तोंडी जातं. मुख्य न्यायमूर्ती व्हिन्सन यांचं भिन्नमतही टाळू नये, सरकारची बाजू सर्वांत नेटाने तिथेच मांडली आहे.

यानंतर लगेच १९८१चा डेम्स अँड मूर या अमेरिकन कंपनीच्या खटल्याचा निकाल घ्यायचा. इराणमधल्या अमेरिकन ओलिसांच्या सुटकेच्या करारामुळे अमेरिकन कंपन्यांचे इराणवरचे दावे न्यायालयांतून काढून घेतले गेले. निकाल लिहिला न्या. रेन्क्विस्ट यांनी, जे तरुणपणी जॅक्सन यांच्याच हाताखाली लॉ क्लर्क, म्हणजे न्यायमूर्तींचे कायदा-सहायक, होते. दावे थांबवायला थेट परवानगी देणारा कायदा नव्हता, तरी राष्ट्राध्यक्ष जिंकले. न्यायालयाने काँग्रेसचं वर्षानुवर्षांचं मौन संमतीच्या बाजूने धरलं. दोन्ही टिपणं शेजारी ठेवून गप्प राहणं आणि नाकारणं यांतला फरक मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावा.