सौ., कु. आणि इंजेनिएरा

चाकणमधल्या सुट्या भागांच्या एका कारखान्यासाठी मी स्पॅनिश दुभाष्याचं काम करतो. त्या दिवशी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे सकाळी 8 ला, मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या खरेदीप्रमुख बाईंशी व्हिडिओ कॉल होता. त्यानंतर जायचं पत्र नव्या सहकाऱ्यानं लिहिलेलं. मी मायन्यावरच अडकलो: 'एस्तिमादा सेन्योरिता लोपेस'. एस्तिमादा म्हणजे आदरणीय, ते ठीक.

बाईंचं नाव, बदलून सांगतो, मारिया गार्सिया लोपेस. आपण सवयीनं शेवटचा शब्द आडनाव म्हणून उचलतो. तिथे आडनावं दोन, सहसा आधी वडिलांचं, मग आईचं, आणि हाक पहिल्यानं. लग्नानंतरही कागदोपत्री तीच राहतात. म्हणजे गार्सिया.

'सेन्योरिता' कुठून आलं? सौ. म्हणजे सेन्योरा, कु. म्हणजे सेन्योरिता, असं त्याचं गणित. बाई अविवाहित आहेत हे त्याला कुठूनतरी कळलेलं. बँकेच्या खिडकीवरच्या मुलीला सेन्योरिता चालून जातं. पन्नाशीच्या अधिकारी बाईंना पत्रात सेन्योराच, लग्न झालेलं असो वा नसो.

"मग दोन्या गार्सिया?"

तेही नाही. दोन्या हे बाईंसाठीचं आदराचं संबोधन नावाआधी लागतं, नुसत्या आडनावाआधी नाही: दोन्या मारिया. आपण सुमनताई म्हणतो, कुलकर्णीताई नाही, तसंच.

शेवटी 'एस्तिमादा इंजेनिएरा गार्सिया' केलं. त्यांच्या सहीत इंजिनिअरची पदवी होती, आणि मेक्सिकोत पदवीनं हाक मारणं मानाचं. पत्र स्पेनला जायचं असतं तर सेन्योराच ठेवलं असतं. मायन्यापुढे स्वल्पविराम होता, तिथे अपूर्णविराम दिला.

खरा घोळ मजकुरात होता. एका ओळीत 'ते एन्विओ', तुला पाठवतो. पुढच्या ओळीत 'सु पेदिदो', आपली ऑर्डर. स्पॅनिशमधलं 'तू' म्हणजे आपलं तूच. आदरार्थी 'उस्तेद' आलं 'वुएस्त्रा मेर्सेद'वरून, म्हणजे 'आपली कृपा'. म्हणून त्याचं क्रियापद तृतीयपुरुषी, 'सरकारांनी बसावं' या थाटाचं. सगळीकडे 'ले', म्हणजे आपल्याला, आणि 'सु' करायला वीस मिनिटं गेली.

कॉलवर हा म्हणाला, 'बुएनोस दीआस, ला इंजेनिएरा गार्सिया'. बाईंविषयी बोलताना 'ला' हे उपपद हवं, त्यांच्याशी बोलताना नको. बाई हसल्या आणि कॉल संपता संपता म्हणाल्या, मला 'तू'च म्हण.

"आता पत्र परत बदलू?"

नको म्हटलं. पत्राची प्रत त्यांच्या साहेबांनाही जाणार होती.