मेलेल्या लिंकांची यादी

आमच्या ग्रंथालयाच्या सिस्टिम विभागातल्या सहकाऱ्याने कॅटलॉगमधल्या मेलेल्या लिंका काढून टाकायची लांबलचक यादी सहीसाठी पाठवली, आणि त्याच दुपारी पीएचडी करणारी एक मुलगी संदर्भ-टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिला हवं होतं ते इतकंच : १९९३ साली आपल्या टर्मिनलसमोर बसलेल्या वाचकाला दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा कॅटलॉग कसा दिसायचा? पडद्यावर नेमकं काय उमटायचं, कोणती कळ दाबायची? इंटरनेटच्या इतिहासावर तिने ढीगभर वाचलं होतं, पण ही साधी गोष्ट तिला कुठे सापडत नव्हती.

तिघाचौघांनी तिला एकच उत्तर दिलं होतं, 'वेबॅक मशीनवर बघ.' हल्ली आमच्या धंद्यातली माणसंसुद्धा हेच सांगून मोकळी होतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. वेबॅक चालवणारं इंटरनेट आर्काइव्ह सुरूच झालं १९९६ मध्ये. वेबॅक लोकांसाठी खुलं झालं २००१ मध्ये. शिवाय ती वेबपानं साठवतात. १९९३ चा कॅटलॉग बहुतेक ठिकाणी वेबपान नव्हताच. तो टेलनेटने उघडायचा, नाहीतर गोफरच्या, म्हणजे वेब रुळण्याआधीच्या एका पद्धतीच्या, मेन्यूतून त्याच्यापर्यंत जायचं. टेलनेट म्हणजे दोन यंत्रांमधलं चालू बोलणं, संपलं की संपलं. साठवायला पान असतंच कुठे?

मग मी मला जे येतं ते केलं. मार्क नोंदीत, म्हणजे ग्रंथालयं कॅटलॉग संगणकात ज्या साच्यात ठेवतात त्यात, ८५६ हे क्षेत्र ऑनलाइन पत्त्यासाठी असतं. पत्ता कोणत्या पद्धतीने उघडायचा ते सांगणाऱ्या त्याच्या पहिल्या निर्देशकाकडे आता कोणी ढुंकून बघत नाही, कारण सगळीकडे ४ असतो, म्हणजे एचटीटीपी, वेबची पद्धत. पण तो तक्ता जुना आहे : ० म्हणजे ईमेल, १ एफटीपी (फाइल उतरवून घ्यायची पद्धत), २ टेलनेट, ३ डायल-अप. गोफर एके काळी एवढा चालला, पण त्याला स्वतःचा आकडा मिळाला नाही. ७ लावून पद्धतीचं नाव वेगळ्या उपक्षेत्रात लिहावं लागतं. ओपॅकच्या, म्हणजे वाचकांच्या ऑनलाइन कॅटलॉगच्या, शोधचौकटीत यातलं काही शोधता येत नाही. सगळ्या नोंदी बाहेर काढून मार्कएडिट नावाच्या सॉफ्टवेअरमधून गाळाव्या लागतात. नवीन आलेल्या पोरांना हे शिकवायला गेलं की ती घड्याळाकडे बघतात.

गाळल्यावर मूठभर नोंदी हाती लागल्या. बहुतेक एफटीपीवरचे मजकूर, थोडे टेलनेटचे पत्ते. त्यातल्या एका नोंदीत मात्र छापील पुस्तकाचं वर्णन होतं आणि शेवटी '+ १ फ्लॉपी'. कॉल नंबर, म्हणजे रॅकवरची जागा, ०२५.०४.

तो नंबर बघितला आणि हे पुस्तक रद्दीतून कसं बचावलं ते लगेच कळलं. ड्युईच्या वर्गीकरणात इंटरनेटला दोन घरं आहेत. नेटवर्क म्हणून बघितलं तर ००४.६७८, माहिती शोधायचं साधन म्हणून बघितलं तर ०२५.०४, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या शेजारी. वीडिंगची, म्हणजे जुनी पुस्तकं काढून टाकायची, कात्री पहिल्या घरावर चालते. अमेरिकी ग्रंथालयांत वापरली जाणारी 'क्रू' नावाची मार्गदर्शिका ००४ मधल्या पुस्तकांना तीन वर्षं देते, आणि आमचा तो रॅकही त्याच हिशेबाने साफ होत आला आहे. १९९२ ते ९५ मधल्या इंटरनेट-निर्देशिका अशाच रद्दीत गेल्या. ०२५.०४ कडे कोणी फिरकलं नाही, कारण तिथे आमचीच पुस्तकं असतात आणि ग्रंथपाल ती वाचत नाहीत.

नियम चुकीचा होता असं मात्र मला म्हणता येत नाही. २००१ साली १९९४ ची निर्देशिका उघड्या रॅकवर ठेवली असती तर वाचकाला बंद पत्त्यांवर पाठवल्यासारखंच झालं असतं.

पुस्तकात ग्रंथालयांच्या नोंदी ओळीने होत्या. पत्ता, लॉगिनचा शब्द (अनेक ठिकाणी नुसतं 'लायब्ररी', पासवर्ड नाही), टर्मिनलचा प्रकार विचारला तर 'व्हीटी१००', आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी बाहेर कसं पडायचं ते. कुठे 'क्विट', कुठे 'बाय', कुठे 'लॉगऑफ', आणि काहीच चाललं नाही तर कंट्रोल धरून उजवा चौकोनी कंस. मुलगी हसायलाच लागली, ''मॅडम, बाहेर पडायचं तेसुद्धा पुस्तकात बघून?'' पुढे गोफरचा एक पडदा जसाच्या तसा छापलेला होता. ओळीच्या टोकाला तिरपी रेघ असेल तर आत आणखी मेन्यू, प्रश्नचिन्ह असेल तर शोध, कंसात 'टेल' असेल तर टेलनेट सुरू होणार. ग्रंथालयांचे कॅटलॉग याच 'टेल'च्या ओळींमागे होते. तिने त्या पानाचा फोटो घेतला आणि किती तरी वेळ काही बोलली नाही.

फ्लॉपी साडेतीन इंचांची निघाली, म्हणून यूएसबीच्या फ्लॉपी ड्राइव्हवर चालली. आधी खाच उघडून तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही याची खात्री केली, मग फाइली कॉपी न करता आख्ख्या चकतीची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घेतली. काही सेक्टर गेलेच होते. उरलेल्यात हायटेलनेट होतं. सस्कॅचेवान विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या पीटर स्कॉट यांनी १९९० मध्ये काढलेली ही जगभरच्या टेलनेट-कॅटलॉगांची यादी. शब्दावरून शब्दावर उडी मारत वाचायची, आणि तीही वेब लोकांपर्यंत पोचण्याआधी! त्या मुलीचं एक प्रकरण या चकतीतून उभं राहील. तिच्या विभागाचा संदर्भ-नमुना मात्र यूआरएल आणि 'पाहिल्याचा दिनांक' मागतो. पुस्तकाचा पृष्ठक्रमांक तिथे कोणत्या रकान्यात बसवायचा, यावर गाइडशी तिचं अजून चाललंय.

यादीबद्दल मी सहकाऱ्याशी बोलले. त्याचंही खोटं नाही. ''मॅडम, वाचक क्लिक करतो, एरर येते आणि फोन मला येतो.'' शेवटी ठरलं ते असं : १, २, ३ आणि ७ वाले पत्ते पुसायचे नाहीत, फक्त कर्मचाऱ्यांना दिसेल अशा टिपेत हलवायचे. मग त्याने विचारलं, ''आणि चारवाल्यांचं काय? ९६-९७ ची पानं पण मेलीच आहेत की.''

समितीला आता निकष लेखी हवा आहे. सोपा निकष म्हणजे अमुक वर्षाआधीची लिंक ठेवायची. पण नोंदीत लिंक कधी जोडली ते वर्ष बहुतेक वेळा नसतंच. पुस्तक १९८५ चं आणि ८५६ कोणी तरी कधी तरी मागाहून घातलेलं. नोंदीवरची 'शेवटचा बदल' ही तारीखही निरुपयोगी, सॉफ्टवेअर बदललं तेव्हा सगळ्या नोंदींवर एकच तारीख पडली. म्हणून पत्त्याच्या घडणीवरून वय ओळखता येतं का ते बघतेय. नागमोडी टिल्डचं चिन्ह असलेली पानं सहसा जुनी, पण तीही नेहमी नाहीत.