नडीचा पैसा, नावावरचा पैसा

दापोलीत आमच्या दारी हर्णैची मासळी घेऊन येणाऱ्या मावशींच्या हातांतल्या पाटल्या दर जूनमध्ये दिसेनाशा होतात आणि नारळी पौर्णिमा उलटल्यावर महिन्याभराने पुन्हा दिसू लागतात. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद असते. बंदरावर लिलाव नाही, म्हणून टोपली रिकामी. तेवढा काळ पाटल्या तारण राहतात आणि चूल पेटती राहते. बायकांना सोन्याचा सोस असतो, असे म्हणून हसणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा. घडणावळ वाया जाते, मोडताना घट धरतात, तारणावर व्याज भरावे लागते, हे मावशींना पक्के ठाऊक आहे. परंतु घरातल्या कोणाची सही न मागता एका दुपारीत रोकड देणारे दुसरे साधन त्यांच्यापाशी नाही.

माझ्या आईची रीत वेगळी होती. वडील मुंबईला नोकरीला. त्यांच्या मनीऑर्डरीतून घरखर्च भागवून ती पोस्टात आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची आवर्ती ठेव, भरत असे. पैसे न्यायला महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट बाई घरी येत, ओटीवर बसून कार्डावर सही करत आणि कोकम सरबत घेऊनच उठत. आजच्या 6.7 टक्के दराने महिना 500 रुपये भरले, तर पाच वर्षांत 30,000 रुपयांचे साधारण 35,680 होतात. महागाई वजा जाता यात काय उरते, असे मी आईला अनेकदा ऐकवले आहे. (ऐकवणारीचा स्वतःचा पगार तेव्हा बचत खात्यात नुसता पडून होता, ही गोष्ट वेगळी.)

पुढे वडील गेले. त्यांची मोठी ठेव त्यांच्या एकट्याच्या नावावर होती आणि नामनिर्देशनाचा, म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाला द्यायचे ते लिहिण्याचा, रकाना कोरा होता. वारसांची संमतिपत्रे, प्रतिज्ञापत्रे आणि बँकेतले हेलपाटे यांत सात महिने गेले. त्या सात महिन्यांत आमचे घर चालले ते आईच्या आरडीवर, कारण ती तिच्या नावावर होती. तेव्हापासून, बायका जोखमीला भितात, हे वाक्य मला अर्धवट वाटते. आमच्याकडच्या बायकांपाशी धीर आहे आणि हिशोबही आहे. कागदावर नाव मात्र बहुधा दुसऱ्याचे असते.

2023 मध्ये महिला सन्मान बचतपत्र निघाले, तेव्हा आईने पोस्टात जाऊन 2 लाख रुपये गुंतवले. साडेसात टक्क्यांनी दोन वर्षांत त्याचे 2,32,044 झाले. ती योजना मार्च 2025 अखेर बंद झाली. रक्कम हाती आल्यावर तिने मला इंडेक्स फंडाविषयी, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या म्युच्युअल फंडाविषयी, विचारले. पहिला प्रश्न परताव्याचा नव्हता. मोडल्यावर पैसे किती दिवसांत मिळतात, हा होता. दोन-तीन दिवस लागतात आणि बाजार पडलेला असेल तर तोटाही होतो, असे मी सांगितले. तिने वर्षभराच्या खर्चाचे पैसे पोस्टात ठेवले, 50,000 फंडात घातले आणि नामनिर्देशनाचा रकाना सर्वांत आधी भरून घेतला.