वैशाखातली उजनी: गळ कुठे टाकायचा आणि कधी आवरायचा

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात भीमेवरच्या उजनी धरणावर गळ घेऊन निघणार असाल, तर दिवाळीत जिथे बसला होतात ती जागा डोक्यातून काढून टाका. तिथे आता पाणी नाही. कुंभारगावच्या बाजूला हिवाळ्यात आम्ही रोहूसाठी ज्या काठावर बसतो, तिथे या खेपेला भेगाळलेली जमीन होती, तिच्यात कुणीतरी चाऱ्याच्या मक्याची गाळपेर केली होती आणि पाण्याची रेघ पार लांब दिसत होती. गाडी लावून पाण्यापर्यंत चालतानाच अर्धा घाम गेला.

हे दरवर्षीचंच आहे. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, आणि त्यातला ६३ टीएमसीहून जास्त हिस्सा मृतसाठ्यात, म्हणजे शून्य टक्के धरलेल्या पातळीच्या खालच्या पाण्यात मोडतो. उन्हाळ्यात पाणी या मृतसाठ्यातून उचललं जातं, म्हणून बातम्यांमध्ये ‘उजनी वजा’ असं ऐकू येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. निघायच्या आदल्या दिवशी हा आकडा जरूर बघा. वजा दहा आणि वजा चाळीस यांत काठ एवढा सरकतो की ओळखीची वाट, ओळखीचा दगड, काहीच कामाला येत नाही.

आम्ही हडपसरहून अंधारातच निघालो. यवत, पाटस मागे पडलं आणि भिगवणला फटफटायला लागलं. ज्यांच्या होडीवर आम्ही जातो ते मामा पिढीजात मासेमारी करणारे. त्यांच्याकडे परवाना आहे, आणि आम्ही त्यांच्याबरोबरच, त्यांना ठरलेले पैसे देऊन जातो. नव्याने जाणाऱ्यांनीही हीच वाट धरावी. या पाण्यावर शेकडो घरांचं पोट आहे. कुणाला न विचारता काठावर रॉड रोवून बसणं नियमाला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही. शिवाय काठ रोज बदलत असताना कालचा मासा कुठे लागला हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं.

पाण्याशी पोहोचलो तेव्हा सूर्य यायचा होता. सगळ्या पुस्तकी हिशेबाने ही गळाची सोन्याची वेळ. पाणी हिरवं गर्द, वारा अजिबात नाही आणि पृष्ठभागावर जिकडे तिकडे तोंडं. चिलापीचे थवेच्या थवे वर येऊन ओठ हलवत होते. आमच्यातला एकजण घाईघाईने गळाला कणीक लावू लागला, तर मामा म्हणाले, “आत्ता नगा टाकू दादा. मासा धापा टाकतोय. ऊन पडूद्या जरा.”

त्यांचं बरोबर होतं, आणि त्यामागचं कारण समजून घेतलं की उन्हाळ्यातल्या सगळ्याच तलावांचं गणित सुटतं. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. हा झाला स्वच्छ पाण्याचा हिशेब. उजनीत पुण्याकडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येऊन मिसळतं, त्याच्यावर शेवाळ माजतं आणि पाणी असं हिरवं होतं. दिवसा उन्हात हेच शेवाळ प्राणवायू सोडतं, पण रात्रभर ते स्वतःच श्वास घेत राहतं. त्यामुळे पहाटे, सूर्य उगवायच्या सुमाराला, पाण्यातला प्राणवायू सगळ्यात खाली गेलेला असतो. तेव्हा मासा वर दिसतो, पण खायला नव्हे. त्याच्या तोंडापुढे गळ नेला तरी तो वळून बघत नाही.

अशा पहाटे ज्याचं काही अडत नाही, असा मासा म्हणजे मरळ. मरळ वरची हवा थेट घेऊ शकतो. म्हणून चिलापी आणि रोहूचा नाद सोडून आम्ही आधी मरळाच्या मागे लागलो. जागा कशी ओळखावी? गुडघाभर ते कमरेएवढं पाणी, त्यात बुडालेली बेशरमाची झुडपं, वेड्या बाभळीची खोडं किंवा वाऱ्याने लोटत आणलेल्या जलपर्णीची कड. मध्येच ‘ब्लप्’ असा जड आवाज येतो आणि पाण्यावर एक वर्तुळ उठतं. मरळ श्वास घेऊन खाली गेला, असं समजा. गळ त्या वर्तुळावर आपटू नका. त्याच्या पलीकडे दोन-तीन हात टाका आणि हळूहळू त्यावरून ओढत आणा. आमच्याकडे आमिषाचे रबरी बेडूक होते, ज्यांचे गळ पाठीला चिकटलेले असल्यामुळे झुडपात अडकत नाहीत. दोरा वेणीचा आणि दणकट हवा, निदान तीस पौंडांचा, कारण मरळ लागला की तो सरळ खोडात घुसतो आणि तिथे बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तग धरत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे थांबणं. बेडकाखालचं पाणी फुगतं, फुटतं, बेडूक दिसेनासा होतो आणि हात आपोआप झटका मारतो. तसं केलं की रिकामा बेडूक उडून अंगावर येतो. दोरा ताणला जाईपर्यंत, म्हणजे एक मोठा श्वास होईपर्यंत, हात आवरा आणि मग जोर लावा. त्या सकाळी खोडांच्या रांगेत आम्हाला हाताएवढा एक चांगला मरळ मिळाला. काळपट पाठ, पांढरं पोट, आणि होडीत घेतल्यावरही बराच वेळ तोंड उघडून हवा घेत पडलेला.

एक मात्र कळकळीने सांगतो. पाण्यावर तांबड्या-केशरी पिल्लांचा गच्च पुंजका दिसला आणि त्याच्याखाली मोठी सावली फिरताना दिसली, तर तिथे गळ टाकू नका. मरळाची जोडी पिल्लं राखते, आणि जवळ आलेल्या कशावरही धावून जाते. तिला पकडणं फार सोपं असतं, म्हणूनच ते करायचं नाही. आईबाप गेले की तो अख्खा पुंजका इतर माशांच्या पोटात जातो.

साडेसातनंतर ऊन चढलं, पश्चिमेकडून वाऱ्याची पहिली झुळूक आली आणि वर आलेली तोंडं नाहीशी झाली. आता चिलापी आणि रोहूची वेळ. इथे माझं स्पष्ट मत आहे की उन्हाळ्यात जागा निवडताना काठ कितीही चांगला दिसो, आधी वारा बघावा. आडोशाच्या शांत, आरशासारख्या पाण्यात बसायला बरं वाटतं, पण मासा समोरच्या काठावर असतो, जिथे वारा येऊन आदळतो. लाटांनी तिथलं पाणी घुसळलं जातं, हवा मिसळते, आणि वाऱ्याबरोबर वाहत आलेलं बारीकसारीक खाद्य तिथेच साठतं. तोंडावर वारा घेऊन गळ टाकणं त्रासाचं आहे, टाक अर्ध्यावर पडते, दोरा गुंततो. तरीही तिथेच बसा.

चिलापीसाठी उतरत्या पाण्याने एक आयती खूण ठेवलेली असते. उघड्या पडलेल्या चिखलात जेवणाच्या ताटाएवढे गोल खड्डे दिसतात, एकमेकांना खेटून, ओळीने. ही नराने शेपटीने आणि तोंडाने उकरलेली घरटी. पाणी मागे सरकलं, खड्डे उघडे पडले. पण नर थांबत नाही, तो पुढच्या पाण्यात पुन्हा नवे खड्डे करतो. म्हणजे कोरडे खड्डे जिथे संपतात, तिथून पुढे पाण्यात साधारण तेवढ्याच उताराच्या, तेवढ्याच मऊ तळाच्या पट्ट्यात ताजी घरटी असणार. आम्ही कोरड्या खड्ड्यांच्या ओळीच्या सरळ रेषेत पुढे, मांडीएवढ्या ते छातीएवढ्या पाण्यात गळ सोडले आणि दुपारच्या जेवणापुरती चिलापी तासाभरात झाली.

चिलापीचं तोंड लहान असतं, म्हणून गळ बारीक घ्या, आठ किंवा दहा नंबरचा. तंगूसही बारीक. आमिष म्हणून गांडुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा किंवा कणकेची वाटाण्याएवढी गोळी पुरते. मोठी गोळी लावली की ती कोरून कोरून खाते आणि गळ स्वच्छ परत येतो. कणकेत थोडी शेंगदाण्याची पेंड मळली तर वास सुटतो. दोऱ्यावरचं तरंगतं बूच दोनदा थरथरतं, मग तिरकं होऊन एका बाजूला सरकू लागतं. ते सरकताना ओढायचं. बुडायची वाट बघितली की उशीर होतो.

रोहूसाठी मामांनी वेगळी जागा दाखवली, आणि हे नव्याने जाणाऱ्यांना सहसा सुचत नाही. पाणी मागे जातं तसे शेतकरी आपल्या पाणी उपसायच्या मोटारी पुढे सरकवतात आणि मोटारीपर्यंत पाणी यावं म्हणून काठाच्या गाळात लांब चाऱ्या खणतात. उथळ सपाट काठावर या चाऱ्याच काय त्या खोल जागा. चारी जिथे मोठ्या पाण्याला मिळते त्या तोंडाशी, तळाला टेकवून, पेंडीच्या गोळ्यावर रोहू मिळतो. पण तोंडाशीच. मोटारीजवळ, पाइपांजवळ अजिबात फिरकू नका. केबली चिखलात आणि पाण्यात पसरलेल्या असतात, जोड उघडे असू शकतात, आणि गळ अडकला म्हणून केबल ओढायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. अडकला तर दोरा कापा. शेतकऱ्याची मोटार, पाइप, गाळपेरीचं पीक यांना धक्का लागता कामा नये.

या दिवसांत रोहू, कटला, मृगळ यांची पोटं गाभोळीने भरत आलेली असतात. पावसाळ्यात नदीला लोंढा आला की ते वर चढून अंडी घालतात. पोट फुगलेली मादी लागली तर आम्ही ती सोडतो, आणि तुम्हीही सोडा असं आग्रहाने म्हणेन. बारीक छिद्रांच्या जाळ्यांनी बोटाएवढी पिल्लं आधीच उपसली जातात, निदान गळवाल्यांनी त्यात भर घालू नये. सोडताना हात ओले करा, मासा तापलेल्या पत्र्यावर किंवा वाळूत ठेवू नका, फोटोचा सोस आवरा. गरम पाण्यात दमलेला मासा सावरायला वेळ लागतो, म्हणून त्याला पाण्यातच सरळ धरून ठेवा आणि तो स्वतः निघाला की सोडा. उलट खरबरीत चिलखताच्या अंगाचा सकर मासा गळाला लागला तर तो परत पाण्यात टाकू नका. तो बाहेरून आलेला आहे, जाळी फाडतो, आणि मामांसारख्यांना त्याने हैराण केलंय.

साडेदहाला आम्ही गुंडाळलं. काठावर सावलीला झाड नाही, पारा चाळिशीच्या पुढे, आणि मासाही तोवर नदीच्या जुन्या पात्राच्या खोलात उतरलेला. माणशी चार लिटर पाणी, डोक्याला मोठा पंचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि भिगवणमधूनच घेतलेला बर्फ, यांशिवाय जाऊ नका. मासा मेल्यावर या उन्हात तासभर उघडा राहिला तर तो खाण्यालायक उरत नाही. पोट काठावरच साफ करा, पण घाण पाण्यात टाकू नका. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका आणि हात साबणाने धुतल्याखेरीज भाकरीला लावू नका.

चालतानाही सांभाळा. वरून वाळून भेगाळलेला गाळ खाली लोण्यासारखा मऊ असतो, माणूस मांडीपर्यंत जातो. पळसदेवसारख्या ठिकाणी जुनं मंदिर पाण्याबाहेर येतं तसे बुडालेल्या गावांचे पाये, भिंती आणि विहिरीही वर येतात. उथळ पाण्यात अशी विहीर दिसत नाही. ज्या वाटेने मामा चालतात तीच वाट धरा, आणि पुढे काठी टेकत जा.

संध्याकाळी शिंगटा आणि वाम मिळते, जुन्या पात्राच्या कडेला झिंग्यावर किंवा गांडुळावर. आम्ही पाचला पुन्हा पाण्यावर गेलो, पण सहाच्या आत परतलो. नैर्ऋत्येला ढग उभा राहिला होता, वारा एकाएकी पडला आणि मामांनी न विचारता होडी वळवली. वळीव येण्याआधी असंच होतं. मग उलट दिशेने जो झोत येतो त्यात एवढ्या मोठ्या उघड्या पाण्यावर बघता बघता लाटा उठतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे जाणारी प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. म्हणून होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालूनच, ते उशाला ठेवून नाही. नावाड्याकडे नसेल तर आपलं घेऊन जा, एक जास्तीचं त्याच्यासाठीही. ढग दिसला की मासा लागत असला तरी निघा, आणि लांब कार्बन रॉड विजेच्या वेळी हातात धरून उभे राहू नका.

हे सगळं पहिला मोठा पाऊस होईपर्यंतच खरं. वरची धरणं भरून दौंडचा विसर्ग, म्हणजे दौंडकडून भीमेतून उजनीत येणारा लोंढा, सुरू झाला की पाणी तांबडं होतं, काठ रोज पुढे येतो आणि कोरड्या खड्ड्यांवरून बांधलेले अंदाज एका रात्रीत पाण्याखाली जातात. त्या दिवसांत दौंडचा आकडा क्युसेकमध्ये रोज जाहीर होतो. तो वाढताना दिसला तर उतारावर सामान ठेवून बसू नका, गाडी चिखलाच्या अलीकडे डांबरीवरच लावा, आणि मरळाचा बेडूक घरी ठेवून जाड शिसं आणि गांडुळं घेऊन या.